चहाच्या झाडाचं तेल? कुठल्या झाडाचं?

मंडळी, ‘टी ट्री ऑइल’चं मराठीत ‘चहाच्या झाडाचे तेल’ करणाऱ्यांना कोणीतरी एकदा आसामच्या मळ्यात नेऊन सोडा. तिथल्या एकाही झुडपातून हे तेल निघत नाही राव! आपण सकाळी उकळतो ती कॅमेलिया सायनेन्सिस. बाटलीतलं तेल निघतं ते मेलालुका अल्टर्निफोलिया या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून. त्याचं कूळ निलगिरी-जांभळाचं, चहाशी काडीचा संबंध नाही.

मग हे नाव आलं कुठून? कॅप्टन कुकच्या खलाशांनी १७७३ मध्ये न्यूझीलंडला एका झुडपाच्या पानांचा चहा करून प्यायला. ते झुडूप म्हणजे मानुका, लेप्टोस्पर्मम स्कोपेरियम. पुढे त्याच्या भाऊबंदांना सरसकट ‘टी ट्री’ म्हणायची पद्धत पडली. इंग्लंडात तर वांग्याच्या कुळातलं एक काटेरी झुडूप ‘ड्यूक ऑफ आर्गाइलचा टी ट्री’ म्हणून ओळखलं जातं. म्हणे लेबलांची अदलाबदल झाली होती! (त्याचीच फळं हल्ली गोजी बेरी म्हणून महागात विकतात, पण ते असो.)

एकाच नावाचे चार व्हेरिएबल केले तर कंपायलर बोंब मारतो. बाजारात बोंब मारणारं कोणी नाही.

इथवर गंमत होती. पण चीनमध्ये कॅमेलिया ओलीफेराच्या बियांचं तेल काढतात, ते मात्र खरोखर चहाच्या सख्ख्या नात्यातलं, आणि त्यात लोक भाज्या परततात. मेलालुकाचं तेल पोटात गेलं तर गुंगी येते, तोल जातो, लहान मूल बेशुद्धही पडू शकतं. आता या दोन्ही बाटल्यांवर ‘चहाचं तेल’ छापा आणि ठेवा एका फळीवर!

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘सामान्य माणूस लॅटिन नावं कशाला वाचेल?’ का नाही वाचणार? पॅरासिटामॉल वाचतोच की तो. या तेलाच्या आयएसओ ४७३० मानकाच्या शीर्षकातसुद्धा मेलालुका आधी आणि टी ट्री नंतर, कंसात आहे. तीच उतरंड मराठी लेबलावर का नको? ‘मेलालुका तेल’ म्हणा, खाली ठळक अक्षरात ‘पोटात घेऊ नये’ छापा.

आणि बाटलीवरचं ते दोन पानं-एक कळीचं चित्र आधी काढून टाका.