एएनए पॉझिटिव्ह आले, पुढे काय?

भातकुली तालुक्यातल्या एखाद्या गावातून कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप घेऊन निघालेला रुग्ण आधी टीबीच्या तपासणीला पोहोचतो. ते योग्यच आहे. अडचण पुढे सुरू होते. थुंकीत जंतू सापडत नाही, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळीसारख्या रेषा दिसतात, तरीही ‘असेल टीबीच’ म्हणून गोळ्या सुरू होतात. सहा महिने संपतात, धाप तशीच राहते किंवा वाढते. अशांपैकी काहींना इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे आयएलडी असतो. वायुकोशांभोवतीच्या पातळ पडद्याला सूज येते, पुढे तिथे जुन्या जखमेच्या वणासारखा कठीणपणा येतो आणि प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही.

अलीकडे याच्या उलट घाईही दिसू लागली आहे. रक्तातली ऑटोअँटीबॉडी, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होतात. एएनए पॉझिटिव्ह आले की ‘वात फुप्फुसात गेला’ असे सांगून स्टेरॉइड चालू. पण कमी प्रमाणातले एएनए धडधाकट माणसांतही, विशेषतः उतारवयात, सापडते. आरए फॅक्टर तर टीबीतही वाढतो. म्हणूनच युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनविकार संघटनांनी २०१५ मध्ये संशोधनासाठी जे निकष ठरवले, त्यांत साधारणपणे १:३२० किंवा त्याहून जास्त पातळीच्या एएनएलाच मोजले आणि केवळ रक्तावर भिस्त ठेवली नाही. अंगावरची लक्षणे, रक्त, आणि फुप्फुसाचे चित्र या तीनपैकी किमान दोन गटांत पुरावा हवा.

अंगावरची लक्षणे शोधायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे हे एक लक्षण. वऱ्हाडात ते डिसेंबर-जानेवारीतच दिसणार, मे महिन्यात विचारूनच काढावे लागते. बोटांच्या कडांना पडणाऱ्या खरखरीत भेगा हे दुसरे. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या बाईच्या हाताला भेगा पाहून कुणाला काही वाटत नाही, आणि स्नायूंच्या दाहाशी जोडलेला फुप्फुसाचा आजार तिथेच निसटतो. यातलेच एमडीए-५ हे प्रतिपिंड असेल तर हातापायांत ताकद असतानाही काही आठवड्यांत फुप्फुसे निकामी होऊ शकतात.

चित्रासाठी साधा एक्स-रे पुरत नाही. एचआरसीटी लागतो, ज्यात फुप्फुसाचे एक-दीड मिलिमीटर जाडीचे काप दिसतात. वाताशी संबंधित आजारांत बहुधा तळाशी दोन्हीकडे धुरकट काचेसारखी सावली असते आणि आवरणाला लागून असलेली पट्टी पुष्कळदा मोकळी राहते. याउलट आवरणालगत मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसली तर फुप्फुस कायमचे आकसलेले असते. मात्र संधिवातात, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हेच पोळे पुष्कळदा आढळते. चित्रावरून कारण ठरवताना फसगत होते ती इथे.

तुकडा काढून तपासला तर फरक आणखी उघड होतो. लिंफ पेशींचे गोलाकार पुंजके, प्लाझ्मा पेशींची गर्दी, सगळीकडे सारखाच दाह, असे दिसले की संशय स्वप्रतिकार आजाराकडे जातो. पण धाप लागलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा काढणे जोखमीचे असते. लक्षणे, प्रतिपिंडे आणि एचआरसीटी एकच गोष्ट सांगत असतील तर बायोप्सी बहुतेकदा टाळतात.

एवढा खल कशासाठी? कारण औषध उलटू शकते. कारण न सापडणाऱ्या फुप्फुस-फायब्रोसिसवर स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन यांचे मिश्रण वर्षानुवर्षे दिले जात होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हे मिश्रण घेणाऱ्या ७७ रुग्णांपैकी ८ दगावले, औषधासारखी दिसणारी पण परिणामशून्य गोळी घेणाऱ्या ७८ पैकी एक. स्वप्रतिकार आजारात मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेच फुप्फुस वाचवतात. तिथेही स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडचा मोठा डोस मूत्रपिंडावर बेततो.

आपल्याकडे तिसरी शक्यताही सोडून चालत नाही. देशातल्या १९ शहरांतील १,०८४ आयएलडी रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वाताशी संबंधित १३.९ टक्के होते, तर श्वासातून गेलेल्या बुरशी, पिसे अशा गोष्टींच्या अॅलर्जीचे ४७.३ टक्के. त्या अॅलर्जीवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि गेल्या वर्षीच्याच ताट्या, तळाशी साचलेला गाळ तसाच ठेवून पंखा सुरू करणारी घरे कमी नाहीत. एएनए पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णाच्या उशाशी असा कूलर असेल, तर आधी तो बंद करायला हवा.

अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. छातीविकार, क्ष-किरण आणि पॅथॉलॉजी या विभागांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसून असे रुग्ण पाहू लागले, तर भातकुलीच्या माणसाला एवढ्यासाठी नागपूर गाठावे लागणार नाही. त्याने मात्र येताना जुने सगळे एक्स-रे आणावेत, टीबीच्या उपचारांचे कार्डही. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तळाची जाळी आधीच असली, तर निम्मे निदान तिथेच होते.