अमेरिकेची लढाई, आपला कापूस

'अमेरिकेबद्दलच्या या दहा गोष्टी तुम्हाला माहीतच नसतील' असले रील्स तुमच्याही मोबाईलवर येत असतील. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मिसिसिपी राज्याने १९९५ मध्ये मान्यता दिली आणि त्याची अधिकृत नोंद व्हायला २०१३ उजाडलं! आपण 'बाप रे' म्हणतो, ग्रुपवर टाकतो आणि विसरतो. माझं म्हणणं एवढंच, की अशी फॅक्ट दिसली की एक प्रश्न विचारायची सवय लावा. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

विचारून तर बघा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेतली बंदरं अडवली. तिथला कापूस गुलाम पिकवायचे आणि त्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या. तो माल थांबला, तशी व्यापाऱ्यांची नजर वळली आपल्या काळ्या मातीकडे. मुंबईत कापसाचे भाव कैक पटींनी चढले.

आता हिंगोलीचा धागा बघा. आपल्या गावात निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. या फौजेच्या थकलेल्या खर्चापायी निजामाला १८५३ मध्ये पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावा लागला. वऱ्हाड म्हणजे कापसाचं आगार. आठ वर्षांनी अमेरिकेत युद्ध सुरू झालं, तेव्हा ते आगार इंग्रजांच्या हातात होतं.

मुंबईत तर पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या, नवे शेअर्स. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे याच तेजीतले सर्वांत मोठं नाव. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि फुगा फुटला. गावाकडे कर्ज मात्र तसंच राहिलं. पुढे सारावाढ आणि सावकारीने शेतकऱ्याचा गळा आवळला आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या कर्जाच्या वह्याच जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून आपण परीक्षेपुरते पाठ करतो, ते हेच. त्यामागच्या कारणांत एक धागा थेट अमेरिकेपर्यंत जातो, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

अमेरिकेतून फक्त भावच आले असंही नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. इंटरनेट नसलेल्या काळात पुण्यातला माणूस तिकडच्या लढ्याकडे बघून इकडच्या अन्यायाला नाव देत होता. आपल्या हातात अख्खं जग आहे आणि आपण फक्त 'बाप रे' म्हणतोय!

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका, राव. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं आणि ती सवलत पुढे डिसेंबरपर्यंत वाढवली. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून. पण वेचणीच्या तोंडावर बाहेरचा स्वस्त कापूस आल्यावर सेनगाव-कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणार नाही तर काय? निर्णय वॉशिंग्टन आणि दिल्लीत होतात, हिशेब मात्र तुमच्या घरातल्या वहीत बसवावा लागतो.

म्हणून म्हणतो, इतिहास हा फक्त एमपीएससीच्या दोन मार्कांचा विषय नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांची कॉलेजची फी कापूस, सोयाबीन नाहीतर हळदीच्या भावातून येते. हा भाव कुठे ठरतो, कोण ठरवतं, पडला की आधी कोण बुडतं, हे १८६५ ने एकदा दाखवून दिलंय. पुढची फॅक्ट फॉरवर्ड करायच्या आधी तिचा धागा आपल्या शिवारापर्यंत येतो का, तेवढं बघा. आला, तर घरातल्यांनाही सांगा. त्यांना त्याचा उपयोग तुमच्यापेक्षा जास्त आहे.