धर्मशाळेच्या आडोशाला शासन

यवतमाळच्या शेतमजुरास कर्करोग जडला की वाट ठरलेली: आधी नागपूर, मग परळचे टाटा रुग्णालय. तेथे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्याला आसरा देते. या सेवेच्या थोरवीबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या आडोशाला निर्धास्त झोपलेल्या शासनाशी. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर उघड घोटला जातो. तोंडातला पांढरा चट्टा हेरण्यास बॅटरीचा उजेड पुरतो, तोही गावी पोचू नये? महात्मा फुले योजना शस्त्रक्रियेचे बिल भागवील. सुगीत बुडालेली मजुरी कोण देणार? देणगीदारांच्या सत्काराला मंत्री येतातच. कार्यकर्त्यांनी त्याच मांडवात तपासणीचे आणि मजुरीभरपाईचे निवेदन त्यांच्या हाती ठेवावे.