विषमुक्त ताट कोणाच्या ऐपतीचे?

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. शेतकरी कृषी सेवा केंद्रातून औषध उधारीवर आणतो, मजूर ते पिकावर मारतो, आणि कर्जाने खचलेल्या एखाद्या कास्तकाराने जीवनयात्रा संपवली म्हणजे ‘त्याने औषध घेतले’ असेच गावात सांगितले जाते. रोग बरा करणाऱ्या द्रव्याचे नाव जिवावर उठणाऱ्या द्रव्याला मिळावे, ही गोष्ट भाषाभ्यासकांना कुतूहलाची वाटेल. विक्रेत्यांना मात्र ती सोयीची आहे. औषध म्हटल्यावर हातमोजे कोण मागणार?

याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-पुण्यापासून दिल्ली-बंगलोरपर्यंतच्या मोठ्या शहरांत, वेगळे शब्द विकले जातात. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘विषमुक्त’, ‘रसायनविरहित’. (यांतील शेवटचा शब्द निव्वळ निरर्थक आहे, मीठ आणि पाणी हीसुद्धा रसायनेच.) लाकडी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, कडुनिंबाचा साबण, गोमूत्राची फरशी पुसणी असा हा माल साध्या मालाच्या दीडपट, कधी दुप्पट भावाने जातो. जो तो भाव देऊ शकतो त्याचे घर शुद्ध. जो देऊ शकत नाही त्याच्या घरात काय शिजते याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

आपल्या मुलाच्या ताटात विष नसावे ही आईची इच्छा थट्टेचा विषय होऊ शकत नाही. ही मध्यमवर्गीय चैन आहे असे म्हणून कामगार चळवळीतील काही मंडळी तिच्याकडे दुर्लक्ष करतात, तेही चुकीचे आहे. विषाचा पहिला घाव नेहमी कष्टकऱ्यावर पडतो आणि ताटात उतरतो तो त्याचा उरलेला अंश, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटते. प्रश्न इच्छेचा नसून उपायाचा आहे. विष जेथे तयार होते, जेथे फवारले जाते, जेथे मिसळले जाते, तेथे ते अडवायचे की प्रत्येक कुटुंबाने आपापल्या पाकिटानुसार ते चुकवत फिरायचे?

‘निसर्ग’ या शब्दाविषयीचा एक भ्रम मात्र आधी दूर करणे अगत्याचे आहे. आजीच्या काळात सारे शुद्ध होते असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. तूरडाळीला एरंडेल चोळणे, गव्हाच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे, वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवणे, हे उपाय खरोखरच चांगले होते आणि आजही आहेत. परंतु त्याच घरांत तांदळाला बोरिक पावडर लावली जात असे, आणि धान्यात पाऱ्याच्या गोळ्या पुरल्या जात. शेण्या आणि लाकडे यांच्याइतके नैसर्गिक इंधन दुसरे नाही. आणि त्यांच्या धुराने खेड्यातील बायकांच्या छातीचे व डोळ्यांचे जे केले, ते कोणत्याही कारखान्यातील द्रव्याने केलेल्या हानीपेक्षा कमी नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या जोडण्या वाटण्यात आल्या, पण सिलिंडर पुन्हा भरून आणण्याइतके पैसे हाती नसल्याने अनेक घरांत चूल पुन्हा पेटली. घरातील विष कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग येथे सिलिंडरच्या भावातून जातो. निसर्गाकडे परत जाण्याच्या गप्पा त्या बाईला काय कामाच्या?

लाखेच्या डाळीची हकीकत तर याहून बोलकी आहे. हे कडधान्य पूर्णपणे नैसर्गिक. पाऊस दगा देवो, इतर पिके जळोत, लाख तग धरते. परंतु तिच्या दाण्यात निसर्गतःच एक विष असते, आणि महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरणाऱ्याचे पाय कायमचे लुळे पडतात. आयुर्वेदात या रोगाला ‘कलायखंज’ हे नाव आहे. मध्य प्रदेशातील रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जात असे. घरात पोती भरून गहू असलेला मालक लुळा पडला नाही. पडला तो मजूर. १९६१ साली देशाच्या बहुतेक भागात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तरी मजुरी धान्यात देण्याची पद्धत होती तोवर रोगही होता. पुढे कृषिशास्त्रज्ञांनी अत्यल्प विष असलेले वाण तयार केले; रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘महातिवरा’ हा त्यांपैकीच एक. विष निसर्गाचे होते आणि उतारा विज्ञानाचा, परंतु दोहोंच्या मध्ये बसलेला होता तो मजुरीचा दर.

मानवनिर्मित विषाचा प्रवासही याच वाटेने होतो. १९५८ साली केरळात परदेशी कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले. धान्य आणि विष एकाच जहाजातून आणल्याचा तो परिणाम होता. शंभराहून अधिक माणसे मेली. चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशकांचा कायदा झाला. तोवर हे द्रव्य जणू किराणा मालच होते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये जो वायू सुटला तो युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ‘सेविन’ नावाचे कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेला होता. भाजी मिठाच्या पाण्यात कितीही धुतली तरी जयप्रकाश नगरातील त्या रात्रीचा डाग तिच्यावरून निघत नाही, कारण तो पानावर नाहीच.

यवतमाळची २०१७ सालची दुर्घटना ताजी आहे, आणि तिचा तपशील पुन्हा पुन्हा सांगण्याजोगा आहे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती. बोंडअळीच्या भीतीने दोन-दोन, तीन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारली जात होती. ताकदीचे पंप, वर उचललेली नळी, उघडे अंग, अनवाणी पाय, पावसाळ्यातील दमट उकाडा. फवाऱ्याचे तुषार पिकावर पडण्याआधी मजुराच्या चेहऱ्यावर पडत. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो इस्पितळात दाखल झाली. काहींची दृष्टी अधू झाली. मृतांत छोटे शेतकरी होते तसेच दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे भूमिहीनही होते. सरकारी चौकशीचा सूर बराचसा असा होता की, फवारणाऱ्यांनी काळजी घेतली नाही. काळजीची सामग्री कोणी द्यावयाची होती, हा प्रश्न त्यामुळे आपोआप मागे पडला. सदतीस-अडतीस अंश तापमानात अंगभर रबरी पोशाख घालून चार एकर फवारून दाखवण्याची सूचना कोणा अधिकाऱ्याने स्वतः अमलात आणल्याचे ऐकिवात नाही.

कापूस म्हणजे अन्न नव्हे, असे म्हणून या हकीकतीला ताटाच्या प्रश्नातून वगळता येणार नाही. सरकीचे तेल स्वयंपाकात येते, सरकीची पेंड म्हशीपुढे जाते. आणि शहरातील दुकानात त्याच कापसाचा सदरा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून टांगलेला असतो.

२००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिने ते निष्कर्ष ग्राह्य धरले. ठीकच झाले. पण ज्या भूगर्भातून त्या कारखान्यांनी पाणी उपसले, त्याच भूगर्भाचे पाणी आसपासची खेडी हातपंपाने पीत होती. त्यांच्यासाठी कोणती समिती बसली?

आता दुसरी बाजू. भारतातील घरांतून विष खरोखरच हद्दपार झाले ते केव्हा आणि कसे, हे पाहिले तर एकही उदाहरण ग्राहकाच्या निवडीचे सापडत नाही. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. रस्त्याकडेच्या झोपडीतील मूल आणि बंगल्यातील मूल दोघांच्याही श्वासातील शिसे एकाच आदेशाने घटले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमाने मर्यादा आली आणि ती पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून लागू झाली. ज्याला रंगाचा डबा वाचता येत नाही त्याचेही रक्षण अशा नियमाने होते.

एंडोसल्फानचा लढा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी मळे महामंडळाच्या काजूबागांवर, ढेकण्या किडीच्या बंदोबस्तासाठी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून हे द्रव्य फवारले गेले. खाली घरे होती, उघड्या विहिरी होत्या, डोंगरउतारावरचे झरे होते. व्यंग घेऊन जन्मलेली मुले आणि चेतासंस्थेचे विकार यांची नोंद आधी स्थानिक डॉक्टरांनी घेतली. कृषी खात्यातील एक कर्मचारी लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ साली न्यायालयाची पायरी चढली, आणि ज्या खात्याने फवारणीची भलामण करायची त्याच खात्यातील बाईने ती थांबवण्यासाठी दावा लावला, हे विशेष. २०११ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री अच्युतानंदन बंदीच्या मागणीसाठी एक दिवस उपोषणाला बसले. डेमोक्रॅटिक यूथ फेडरेशन या युवक संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्पादन व विक्रीला मनाई केली. २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. येथेही एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे. फवारणी करणारे महामंडळ सार्वजनिक क्षेत्रातील होते. मालकी सरकारची असली म्हणजे विष सौम्य होत नाही. ते थांबवण्यासाठी लोकांना आपल्याच सरकारी महामंडळाविरुद्ध उभे राहावे लागले.

हळदीचे उदाहरण शेजारच्या देशातले आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद पूर्वी जमिनीतील खोल पेवांत साठवत, औषधाचा कणही न घालता. (पेवात उतरण्याआधी ते बराच वेळ उघडे ठेवून आत दिवा सोडून पाहावा लागे, कोंडलेल्या हवेने हमालाचा जीव जाऊ शके. नैसर्गिकपणाचीही किंमत हमालच देई.) बांगलादेशात १९८० च्या दशकातील पुरानंतर भिजून काळवंडलेल्या हळकुंडांना तजेला आणण्यासाठी व्यापाऱ्यांनी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्यास सुरुवात केली. रंग शिशाचा, आणि शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हे उघड केले तेव्हा बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती. सरकारने सूचनापत्रके लावली, घाऊक बाजारावर छापे घातले, व्यापाऱ्यांना जाहीर दंड केला. २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आले. शुद्ध हळदीचे निराळे महागडे पाकीट कोणाला काढावे लागले नाही. आपल्याकडे बिहारच्या पाटण्यातील बाजारात अशीच शिशाची हळद आढळली आहे, आणि बिहार काही बांगलादेशापेक्षा मोठा देश नव्हे.

कायदा कागदावर ठेवण्यातही आपली व्यवस्था निष्णात आहे. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापराला २००५ सालीच मनाई झाली. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील शाळेत मध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली, तेव्हा तेलात सापडले ते हेच. २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. उद्योगाच्या हरकती आल्या. २०२३ साली अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदीच्या यादीत मूठभर नावे उरली होती.

विषाशिवाय शेती होऊ शकते काय, हा प्रश्न शेतकरी सभासद विचारतील, आणि त्यांना गुळगुळीत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने एका फटक्यात रासायनिक खते-औषधांची आयात बंद केली. भाताचे उत्पादन घसरले आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. सिक्कीमने हाच रस्ता २००३ पासून एका तपाहून अधिक काळ चालून २०१६ साली पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर केले. तत्कालीन आंध्रच्या खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला गावाने कापसाच्याच पिकात निंबोळी अर्क, मिरची-लसणाचा काढा आणि प्रकाश-सापळे वापरून कीटकनाशक सोडले. तेथे महिलांचे गट पुढे होते. औषधविक्रेता हाच सावकार असल्याने औषध सोडणे म्हणजे त्याच्या वहीतून नाव काढून घेणे, हे त्या बायकांनी नेमके ओळखले होते. परंतु पहिली दोन-तीन वर्षे उतारा घटण्याचा धोका एकट्या शेतकऱ्याने सोसायचा, आणि सेंद्रिय मालावरचा वाढीव भाव शहरातील दुकानदाराने खायचा, अशा व्यवस्थेत पुनुकुला हा अपवादच राहील.

शेतमजुरांच्या युनियनांनी फवारणीच्या हंगामापूर्वी, म्हणजे जूनमध्येच, तालुक्याच्या ठिकाणी काही साध्या गोष्टी मागता येतील. मालकाने पुरवायचे हातमोजे आणि मुखवटे. ग्रामीण रुग्णालयात अॅट्रोपीनचा पुरेसा साठा आणि रक्ततपासणीची सोय. शालेय पोषण आहारातील व रास्त भाव दुकानांतील हळद, तेल आणि डाळी यांचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने ठरल्या तारखांना तपासून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर निकाल लावणे. आणि आणखी एक. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर बारा-पंधरा भाषांत छापलेली एक घडी येते. अक्षर इतके बारीक की डोळस माणसालाही भिंग लागावे. तीत मराठी मजकूर असतो, विषबाधेवरचा उतारा असतो, कोणाला हे द्रव्य हाताळू देऊ नये तेही असते. बाटली बांधावर मालक फोडतो. मजुराच्या पाठीवर चढतो तो भरलेला पंप. घडी खोक्यातच राहते.