व्हिनियरवरचे डाग : दोष कोणाचा, उपाय काय?



कपाटाचे व्हिनियर कोरे असताना छान दिसते; रंगाचा पहिला हात फिरला की कुठे फिके, कुठे गडद चट्टे उमटतात. मालक म्हणतात माल खराब, सुतार म्हणतो पॉलिशवाल्याचा हात खराब, आणि कोणाची तरी मजुरी अडकते. म्हणून आधी डाग ओळखावा.

फिका डाग बहुधा गोंदाचा असतो. व्हिनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाड. गोंद जास्त झाला की तो वर झिरपतो आणि तिथे रंग शिरत नाही. रंगाआधी स्पिरिटचे ओले फडके फिरवून पाहा : लाकूड गडद होते, गोंदाची जागा फिकी राहते. तेवढेच पात्याने अलगद खरवडून, रेषांच्या दिशेने २२० नंबरचा पॉलिश पेपर हाताने फिरवावा. जोर नको. थर घासून गेला तर खालचा प्लाय दिसतो आणि तो पुन्हा झाकत नाही.

गडद चट्टे पडतात, कारण रेषा वळतात तिथे लाकूड जास्त रंग पिते. त्यासाठी आधी स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या लाख पॉलिशचा एक हात द्यावा, सुकल्यावर हलके घासावे, मग तेलातला स्टेन लावावा. स्पिरिटमधला रंग वापरू नये. तो खालचा थर विरघळवतो.

ओक, अक्रोड अशा लाकडांवर निळसर-काळा डाग दिसला तर तो पाणी आणि लोखंड यांच्या संपर्काचा. तिथे लोखंडी काथ्या वापरू नये. ऑक्झॅलिक ॲसिडने तो जातो, पण ते विषारी आहे. हे काम कारागिरावर सोपवावे आणि मुलांना दूर ठेवावे.

पावसाळ्यात लाख पॉलिशवर पांढुरकी झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. कोरड्या दिवशी स्पिरिटचे किंचित ओलसर फडके फिरवले की ती बहुधा जाते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच व्हिनियरच्या तुकड्यावर शेवटच्या हातापर्यंतचा नमुना करून घेणे. तो दिवसाच्या उजेडात घरच्यांनी आणि कारागिराने मिळून पाहावा, पसंत पडला की मगच कपाटाला हात लावावा. नमुना काम संपेपर्यंत जपून ठेवा. हिशेबाच्या वेळी तोच साक्षीदार असतो, आणि कष्टकऱ्याची मजुरी वादात अडकत नाही.