परसातला पाईप कोण निवडतो?



उसाला पाणी कसे द्यावे हे आपल्या सभासदांना शिकवण्याचा आगाऊपणा आम्ही येथे करणार नाही. त्यासाठी शेतकी खाते आहे, आणि बांधावर उभे राहून फुकटचा सल्ला देणारे शेजारीही काही कमी नाहीत. आम्हाला बोलायचे आहे ते घरामागच्या चार झाडांविषयी. एखादा नारळ, एक शेवगा, कढीपत्ता, तुळस, मांडवावर चढवलेला दोडका. एवढ्यासाठी लागणाऱ्या पाईपवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

विहिरीवर मोटार बसवायची तर आपण चार गावे फिरतो. किती हॉर्सपॉवर, हेड किती, डिलिव्हरी अडीच इंची का तीन इंची, सगळी चौकशी करतो. तोच माणूस घरासाठी पाईप घ्यायला गेला की दोनच प्रश्न विचारतो. हिरवा हाय का? आणि कितीला बसंल?

आम्हीही तेच केले. गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून अर्धा इंची पाईपचे १०० फुटांचे बंडल आणले, आणि सोबत सात तऱ्हेचे फवारे सोडणारी एक झकास गन. घरी येऊन ऐटीत जोडली, घोडा दाबला, आणि पाणी आले ते तान्हे पोर लाळ गाळते तसे. घरातून शेरा आला, "ह्यापरीस माझा तांब्या बरा." दोन दिवस आम्ही दुकानदाराला नावे ठेवली. तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला तेव्हा चूक आमचीच निघाली.

हिशेब असा. ठिबकच्या फिल्टरवरचा काटा आपण रोज बघतो, तेव्हा दाबाची भाषा आपल्याला नवी नाही. पाण्याची ३३ फूट उंची म्हणजे जवळपास एक किलो दाब. आपल्या घरांच्या स्लॅबवरची टाकी जमिनीपासून १२ ते १५ फुटांवर असते, म्हणजे अर्धा किलोही दाब मिळत नाही. त्या गनला नीट फवारा मारायला दीड-दोन किलो तरी हवेत. ज्या घरी प्रेशर पंप आहे त्यांनी ती खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत आणि साधा झारीचा गुलाब पाईपच्या तोंडाला बसवावा. रोपांना तोच मानवतो.

दुसरी गोष्ट पाईपच्या पोटाची आणि लांबीची. लिफ्टचे पाणी ज्यांच्या रानात आले आहे त्यांना घर्षण म्हणजे काय ते सांगायला नको. तेवढेच पाणी अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचातून नेले, तर घर्षणात खर्च होणारा दाब सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो. लांबी दुप्पट केली की तोच दाब दुप्पट खर्च होतो. तेव्हा टाकीच्या पाण्यावर पाऊण इंची आणि गरजेपुरताच पाईप घ्यावा. नळापासून लांबच्या झाडापर्यंत आधी दोरीने मोजावे, वर चार-पाच फूट धरावेत. आमच्या परसाला ४० फूट पुरले असते. उरलेले ६० फूट वर्षभर पायात येत होते.

पाईप हातात घेऊन वाकवून बघावा. वाकल्याबरोबर चपटा होऊन घडीवर पांढरी रेघ उमटली, तर तो पुढचा उन्हाळा बघणार नाही. आत दोऱ्याची जाळी असलेला थोडा महाग पडतो, पण टिकतो. पारदर्शक पाईप दिसायला छान, मात्र उजेड आत जातो आणि शेवाळ धरते. गडद रंगाचा घ्यावा, आणि काम झाले की सावलीत ठेवावा. खिळ्याला टांगू नये, तिथेच मोडतो. सायकलची जुनी रिंग भिंतीला ठोकली की झकास काम होते.

नळाच्या जोडाला ट्यूबची पट्टी गुंडाळायची आपली जुनी खोड आहे. स्क्रू आवळायची क्लिप काही फार महाग नसते. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी जाते, म्हणजे एक मोठी बादली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहे. बादलीची किंमत तेव्हा लातूरकरांना विचारायला हवी होती.

आता जे लिहितो ते जरा मनावर घ्या. घरचा पाईप फवारणीच्या पंपात बुडवून पंप भरण्याची रीत अनेक ठिकाणी आम्ही पाहिली आहे. पाईपचे तोंड औषधाच्या पाण्यात असताना वरचे पाणी गेले किंवा खालच्या नळाने ओढ घेतली, तर ते औषध उलटे पाईपात चढते. त्याच नळावर संध्याकाळी नात गुळणी भरते. म्हणून पाईपचे तोंड पंपाच्या वर वीतभर धरावे, किंवा सरळ बादलीने पंप भरावा. फवारणीचा पाईप वेगळा असावा आणि तो घरात येऊच नये. उन्हात पडलेल्या पाईपातले पहिले गरम पाणीही कोणी पिऊ नये. ते आधी बाहेर जाऊ द्यावे.

रानात आपण ठिबक केले. घरी मात्र अजून पाट चालू आहे! नारळाच्या आळ्यात पाईप टाकायचा आणि चहाला बसायचे. १५ लिटरची बादली मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासाच्या गप्पांत ४५० लिटर पाणी आळ्यातून गटारीला लागते. खोडवा मोडल्यावर गुंडाळून ठेवलेल्या १६ एमएमच्या लॅटरल गोठ्याच्या माळ्यावर पडून असतातच. त्यातली धड असलेली ३०-४० फूट कापून घ्यावी, आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, कारण त्यातून खते गेलेली असतात. टाकीच्या तोटीला छोटा जाळीचा फिल्टर, पुढे लॅटरल, शेवट दुमडून बांधला की झाले. कमी दाबावर ड्रिपर निम्म्यानेच पाणी देतील, तर तोटी दुप्पट वेळ उघडी ठेवावी. झाडाला घाई नसते.

शेवटी एक गाऱ्हाणे, आणि हे आमच्यासकट सगळ्या पुरुष सभासदांवर आहे. पाईप विकत आणतो आपण, आणि ओढतात घरच्या बायका नाहीतर म्हातारी माणसे. जड भरलेला पाईप वळणावर अडकला की मागे जाऊन सोडवायचा, पुन्हा पुढे यायचे. त्यांना दुकानात कोणी विचारतच नाही. सुनेला नाहीतर आईला एकदा बरोबर न्या. पाईप उचलून बघू द्या, तोटी त्यांच्या हाताला फिरते का तेही बघा. आमच्या घरी या वर्षी खरेदी त्यांच्याच हाती दिली. ४० फूट पाऊण इंची काळा पाईप, दोन क्लिपा, एक वायसर आणि पत्र्याची झारी आली. आणि ती गन रंगपंचमीला नातवाच्या कामी आली.