शिक्षकाचे घर आणि संस्थेची जमीन

नाशिकच्या कॉलेज रोडला ज्या महाविद्यालयामुळे हे नाव मिळाले, त्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयाची स्थापना १९२४ साली झाली. नामदार गोखल्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या शिक्षण संस्थेने काढलेले हे महाविद्यालय शहराच्या बौद्धिक जीवनाचे अनेक दशके केंद्र होते. वसंत कानेटकरांसारखे नाटककार तेथे प्राध्यापक होते, आणि गावात प्राध्यापकाचे घर कोठे आहे हे विद्यार्थ्याला विचारावे लागत नसे. आज त्या रस्त्याला कॉलेजचे नाव तेवढे उरले आहे. दुतर्फा शोभिवंत दुकाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. परंतु त्या परिसरात नव्याने रुजू होणाऱ्या अध्यापकाला तेथे घर घेता येईल, अशी स्थिती उरलेली नाही. विद्येने ज्या जमिनीला मोल आणले, त्या जमिनीवरून विद्या देणाऱ्यालाच दूर जावे लागावे, हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्याजोगा विषय नव्हे.

हिशेब सरळ आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. नाशिकसारख्या शहरात घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के धरला, तरी तो ११,५४० रुपये होतो. समजा, या अध्यापकाने घरासाठी ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे ३४,७०० रुपयांचा हप्ता पडतो. म्हणजे भत्ता हप्त्याच्या एक तृतीयांशच भरून काढतो. वीस वर्षांत चाळीस लाखांचे ८३ लाखांहून अधिक होतात. आणि हा झाला पूर्ण वेतन घेणारा भाग्यवान. शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून वाढले, ते प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये झाले. वर सांगितलेला हप्ता या संपूर्ण मानधनापेक्षा मोठा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तर बँक दारातही उभी करीत नाही. महाविद्यालयाच्या कारकुनाची आणि प्रयोगशाळा परिचराची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक इतकाच की, त्यांच्याविषयी कोणी परिसंवाद भरवीत नाही.

क्वार्टर आणि निवृत्ती

नोकरीबरोबर घर ही कल्पना नाशिकला अपरिचित नाही. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाच्या कामगारांची वसाहत, ओझरला विमान कारखान्याबरोबर वसलेली नगरी, एकलहऱ्याच्या वीज केंद्राची वसाहत, ही सारी या जिल्ह्यातील उदाहरणे आहेत. शिक्षणक्षेत्रातही पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर काम करीत, आणि महाविद्यालयाच्या आवारात राहणे हा त्या जीवनाचाच भाग मानला जाई. अशा वसाहतींचे गुण कोणीही नाकारणार नाही. कामाच्या जागेशी जवळीक राहते, विद्यार्थ्याला शिक्षक वर्गाबाहेरही भेटतो, आणि घरासाठी कर्जाचा डोंगर उरावर घ्यावा लागत नाही.

परंतु क्वार्टरचा एक मोठा दोष असा की, ते नोकरीला जोडलेले असते, माणसाला नव्हे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, आणि तीस वर्षे राहूनही त्याच्या नावावर एक वीटही जमा होत नाही. निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल आणि घर रिकामे करण्याची नोटीस जवळजवळ एकाच हाताने दिली जाते. साठीच्या उंबरठ्यावर, भविष्य निर्वाह निधीची पुंजी घेऊन, वाढलेल्या बाजारभावाच्या तोंडी घर शोधण्यास निघालेले निवृत्त शिक्षक महाराष्ट्रातील प्रत्येक गावाने पाहिले आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांना तर जुन्या निवृत्तिवेतनाचा आधारही सहजपणे लाभलेला नाही. त्यामुळे शहाणा अध्यापक क्वार्टर असूनही घेत नाही. दूर, जेथे परवडेल तेथे, फ्लॅट घेतो आणि दोन तास प्रवासात घालवतो. एकीकडे क्वार्टरे ओस, दुसरीकडे घराच्या हप्त्याने वाकलेला शिक्षक, असे विचित्र दृश्य त्यातून निर्माण होते.

सहकाराचा धडा आणि त्याची शोकांतिका

याला उत्तर म्हणून मागील पिढीने सहकाराचा मार्ग धरला. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि मध्यमवर्गाला स्वतःच्या बळावर घर बांधण्याची दिशा मिळाली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर ही चळवळ जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. 'टीचर्स कॉलनी', 'प्रोफेसर्स कॉलनी' ही नावे आज जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आढळतात. वांद्र्याचे साहित्य सहवास हे त्याच परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण. लेखक आणि प्राध्यापक एकत्र आले, शासनाची जमीन मिळवली आणि एरवी ज्या उपनगरात त्यांना पाय ठेवता आला नसता, तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा निवारा उभा केला. नाशिकमध्येही सिडकोने नवीन नाशिक वसवताना जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानेच दिली आणि कामगार, कारकून व शिक्षक यांना घराचा अर्थ प्रथमच आवाक्यात आणून दिला.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सवलतीच्या दराने जमीन मिळाली ती शिक्षकाला घर मिळावे म्हणून. पहिल्या सभासदाला ते मिळाले. दुसऱ्या पिढीत मुले परगावी किंवा परदेशी गेली, घर विकले गेले, आणि विकताना किंमत बाजाराची आली. शासनाने दिलेल्या अशा जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग-२ च्या असतात. हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि अनर्जित उत्पन्नाचा हिस्सा शासनाला द्यावा लागतो. या अटीमागचा हेतू योग्य होता. परंतु व्यवहारात तिचे रूपांतर कागदपत्रे, खेटे आणि दलाल यांच्यात झाले. अखेर २०१९ च्या नियमांनी अधिमूल्य भरून अशा जमिनी वर्ग-१ करून घेण्याची वाट मोकळी झाली. जे सभासद वर्षानुवर्षे परवानग्यांसाठी ताटकळले, त्यांना हा मोठाच दिलासा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याचबरोबर त्या जमिनीचा मूळ हेतूही संपला. नाव प्रोफेसर्स कॉलनी राहिले, प्रोफेसर राहिला नाही. सार्वजनिक सवलत एकदाच वापरली गेली आणि खाजगी नफ्यात विरून गेली. पुढच्या अध्यापकासाठी शासनाने पुन्हा नवी जमीन कोठून आणायची?

म्हणजे एका टोकाला नोकरी संपताच हातातून जाणारे क्वार्टर, आणि दुसऱ्या टोकाला पहिल्या मालकानंतर बाजारात विलीन होणारी सोसायटी. या दोहोंच्या मधला मार्ग आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मधला मार्ग

तो मार्ग जगात काही ठिकाणी चोखाळला गेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाला संस्थापकांच्या दानपत्रानुसार आपली जमीन विकता येत नाही. म्हणून तेथे अध्यापक घर विकत घेतो, पण जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विद्यापीठाकडेच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील आवारात १९८० च्या दशकापासून अशीच अध्यापकांची वसाहत उभी राहिली. तेथे घर पुन्हा विकताना किंमत बाजार ठरवीत नाही. ती ठरावीक निर्देशांकाला बांधलेली असते आणि खरेदीचा पहिला हक्क विद्यापीठात शिकवणाऱ्याचा असतो. विकणाऱ्याला घातलेले पैसे वाजवी वाढीसह परत मिळतात, घेणाऱ्याला बाजारापेक्षा स्वस्त घर मिळते, आणि एकदा दिलेली सवलत पिढ्यान्‌पिढ्या कामास येते.

हे सारे परके आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९६१ च्या महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतच भाडेकरू-मालकी आणि भाडेकरू-सहभागी असे गृहनिर्माण संस्थांचे प्रकार केलेले आहेत. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, ही व्यवस्था त्यांतल्या पहिल्या प्रकारात बसते. जे आपल्या नियमपुस्तकात साठ वर्षांहून अधिक काळ आहे, ते वापरण्यासाठी पॅसिफिक महासागर ओलांडावा लागत नाही. उणीव आहे ती पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याची आणि पुढचा खरेदीदार शिक्षणक्षेत्रातलाच राहील, हे पाहण्याची.

नाशिकला हा प्रयोग करण्याजोगी परिस्थिती आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. १९९८ चे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळच्या बाजूला आहे. परंतु येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मुक्त विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी अभ्यासकेंद्रांत शिकतात, आणि आरोग्य विद्यापीठाचे अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चालते. नाशिकचा खरा अध्यापकवर्ग १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या, गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आणि इतर संस्थांच्या महाविद्यालयांत विखुरलेला आहे. तेव्हा एकट्या विद्यापीठाने आपल्या आवारात पन्नास बंगले बांधून हा प्रश्न सुटणार नाही. विद्यापीठे, शिक्षण संस्था आणि महापालिका यांनी मिळून एक विश्वस्त संस्था स्थापावी, जमीन तिच्या नावे कायम ठेवावी, आणि घरे सभासदांना पट्ट्यावर विकावीत, हे अधिक योग्य ठरेल.

अशा योजनेवर आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप असा की, घर ही मध्यमवर्गाची एकमेव गुंतवणूक. तिची वाढ बांधून टाकणे म्हणजे शिक्षकालाच दंड करणे. याला उत्तर असे की, बाजारभावाने विकण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने बाजारभावाने घ्यावे. सवलत घेताना शिक्षक आणि विकताना व्यापारी, ही दुहेरी भूमिका समाजाच्या खर्चाने चालू ठेवता येणार नाही. निवृत्त सभासदाला मात्र हयातभर आणि त्याच्या मागे पत्नीला किंवा पतीला त्या घरात राहण्याचा हक्क असलाच पाहिजे. अन्यथा ही योजना क्वार्टरचेच गोंडस रूप ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका व्यवसायाची वसाहत म्हणजे भिंतीआडचा समाज नव्हे काय? विभागातील हेवेदावे जिन्यापर्यंत येणे आणि विभागप्रमुखाच्या मर्जीचा प्रश्न शेजारधर्मात शिरणे हा अनुभव जुन्या वसाहतींना नवा नाही. शिवाय सभासदत्व मर्यादित ठेवण्याच्या अधिकाराचा इतिहास आपल्याकडे निर्मळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. त्या निकालाचे कायदेशीर समर्थन काहीही असो, जात, धर्म आणि आहार यांच्या नावाने घर नाकारणाऱ्यांना त्यातून बळ मिळू शकते, हे उघड आहे. शिक्षकांच्या वसाहतीने म्हणूनच पात्रता केवळ कामावर ठरवावी; आणि त्या कामात प्राध्यापकाबरोबर कारकून, ग्रंथपाल, परिचर आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांनाही समाविष्ट करावे. ज्याची नोकरी कायम नाही, त्याच्यासाठी काही घरे भाड्याने राखून ठेवावीत. वाटप ज्येष्ठतेच्या गुप्त यादीने नव्हे, तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून व्हावे.

तिसरा आक्षेप असा की, घर हा शिक्षणाचा प्रश्नच नाही. शिक्षकाने आपले पाहून घ्यावे. असे म्हणणाऱ्यांनी २०२२ मधील वाद आठवावा. जिल्हा परिषदेचे शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, तरीही घरभाडे भत्ता घेतात, अशी टीका तेव्हा मोठ्या आवेशाने झाली. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर राहण्याजोगे घर आहे का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याजवळ राहावे अशी समाजाची अपेक्षा असेल, तर त्याला तेथे राहता येईल अशी सोय करणे हेही समाजाचे काम आहे. निवासाची अपेक्षा शिक्षणाची आणि निवासाची सोय शिक्षकाची, अशी विभागणी सोयीची असली तरी न्याय्य नाही.

आजची तरुण अध्यापिका सातपूरच्या किंवा आडगावच्या पलीकडे घर घेते, आणि दोन बस बदलून वर्गात पोहोचते. तास संपताच परतीची घाई असते. ग्रंथालयात थांबून विद्यार्थ्याशी बोलणे, संध्याकाळी एखादे व्याख्यान ऐकणे, या गोष्टी कोणत्याही वेतन आयोगाच्या तक्त्यात येत नाहीत. परंतु महाविद्यालय त्यांच्यावरच उभे असते. नाशिकने विद्यापीठांसाठी जमिनी दिल्या, इमारती उभ्या केल्या, कमानी बांधल्या. त्या कमानीच्या आत शिकवणाऱ्याला शहरात कोठे राहता येईल, याचा विचार आता पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता झाला पाहिजे. जमीन एकदा बाजारात गेली की ती परत येत नाही. जी अजून सार्वजनिक हातात आहे, तिच्याबाबत तरी मागची चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.